बारकू पोकळ्याचा सरकारी राब

कमळाकर बारकू पोकळ्याला ओळखत होता, असं म्हणणं जरा धाडसाचंच होईल. चार-पाच वर्षांत दोघांच्या भेटी झाल्या असतील दहा-बारा, आणि त्यांतल्या निम्म्या कागदावर अंगठा घेण्यापुरत्या. बारकूचं वय किती होतं, त्याला भाऊ होते का, तो कधी आजारी पडला का, यातलं काहीही कमळाकराला सांगता येणार नाही. त्याच्या घरात तो एकदाच शिरला, आणि आतल्या अंधाराला डोळे सरावायच्या आत बाहेर आला. तरीही लढाईच्या दिवसांचा विषय निघाला की बाकीच्यांना रेशन आठवतं, रॉकेल आठवतं, आणि कमळाकराला बारकू आठवतो. माणूस त्याला तेव्हा कळला नव्हता आणि अजूनही कळलेला नाही, एवढंच त्याला म्हणता येतं.

सन बेचाळीसची गोष्ट. कमळाकर तेव्हा शहापुरात सरकारी कचेरीत उमेदवार कारकून होता, वय बावीस. रंगून पडल्याची बातमी आली आणि मुंबईची माणसं ट्रंका, पाळणे, शिवणयंत्रं घेऊन शहापुरात नातलगांकडे येऊन राहिली. जपानी विमानं येणार, बॉम्ब टाकणार, हे जो तो सांगत होता. मुंबईवर येतील हे कमळाकराला पटत होतं. तिथं गोदी आहे, गिरण्या आहेत. पण चैत्रात एक दिवस अव्वल कारकुनानं त्याच्यापुढे एक कागद सरकवला. त्यात हवाई हल्ल्यापासून बचावाची तयारी कुठल्या गावी करायची, त्याची यादी होती आणि यादीत करंजपाडा होता.

करंजपाडा म्हणजे डोळखांबच्याही पलीकडे, रानात, डोंगराच्या कुशीत बसलेली एकवीस घरं. घरं कुडाची, वर पेंढा. रस्ता नाही, दुकान नाही, चावडी नाही. जपान्यांना तो सापडणं सोडाच, तलाठ्यालाही दोनदा विचारावं लागायचं. हा पाडा यादीत कसा आला, हे कमळाकरानं भीतभीत विचारलं. अव्वल कारकून म्हणाले, तानसाचं धरण मुंबईला पाणी पाजतं, त्याच्या आसपासची गावं घेतली असतील. तानसा एकीकडे आणि करंजपाडा दुसरीकडे, मध्ये दिवसभराची वाट, हे त्यांनाही ठाऊक होतं. दुसरा एक कारकून म्हणाला, नकाशावर कुणाची तरी पेन्सिल निसटली असेल. खरं कारण काय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सामान आटगाव स्टेशनावर उतरलं. सहा तांबड्या बादल्या, हातानं फिरवायचा एक भोंगा, पाणी मारायचा एक पंप, दंडाला बांधायचा एक पट्टा आणि रेतीची चाळीस पोती. पोती बैलगाड्यांवर चढवताना गाडीवानानं एकातली चिमूट जिभेवर ठेवून पाहिली आणि थुंकला. खाडीची रेती होती, खारट. शेणवे गावाच्या पुढे ओहोळ ओलांडताना त्यानं गाडी थांबवली. ओहोळ कोरडा पडला होता आणि दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर रेतीच रेती होती. गाडीवान रेतीकडे बघत राहिला, मग पोत्यांकडे, मग कमळाकराकडे. कमळाकर दुसऱ्या बाजूला बघू लागला.

पाड्यावर सगळे उंबराखाली जमले. कमळाकरानं कागद वाचला. मुंबईसाठी छापलेलाच कागद होता, गावाचं नाव तेवढं शाईनं लिहिलं होतं. त्यात गॅसचे दिवे होते, ट्रामगाड्या होत्या, चौथ्या मजल्यावरून खाली कसं यावं ते होतं. तो वाचत गेला आणि लोक ऐकत गेले. मग धोंडीबाई नावाच्या म्हातारीनं विचारलं, जपान म्हणजे कोण, आणि त्याचं आमच्याशी काय बिनसलंय. कमळाकरानं सांगितलं, तुमच्याशी नाही, सरकारशी बिनसलंय. म्हातारी म्हणाली, मग त्यानं सरकारच्या घरी जावं, आमचं घर कशाला शोधतो. कमळाकरानं कागद पुन्हा चाळला. याचं उत्तर त्यात नव्हतं.

बादल्या उतरवल्या तेव्हा आणखी गोंधळ झाला. त्यांचे तळ निमुळते होते, भोवऱ्यासारखे. जमिनीवर ठेवली की बादली आडवी व्हायची. आगीच्या बादल्या लोकांनी घरात वापरू नयेत म्हणून तशा घडवतात, हे कमळाकराला पुष्कळ दिवसांनी समजलं. त्या दिवशी त्यालाही वाटलं की बनवणाऱ्याचं काहीतरी चुकलंय. धोंडीबाईनं दोनदा बादली उभी करून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्यासारकी हाय गो. बसवली का लवंडते." तेवढंच काय ते लोक हसले.

गावातून एक जबाबदार माणूस नेमायचा होता. पट्टा तो बांधणार, भोंगा तो वाजवणार, नियम पाळले जातात की नाही ते तो बघणार. कुणी पुढे होईना. बारकू पोकळा मागे उकिडवा बसला होता. अंगानं वाळकुडा, कानात भिकबाळीएवढी पितळेची कडी, बोलायच्या आधी खालचा ओठ दाताखाली धरायची सवय. तो म्हणाला, यात हातानं करायचं काय काय ते परत सांगा. कमळाकरानं सांगितलं. बारकूनं एक एक बोट मिटत ऐकलं आणि म्हणाला, एवढंच असंल तर करीन. लगेच लोकांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि कमळाकरानं कागदावर त्याचा अंगठा घेतला.

मग कमळाकरानं आठवा नियम वाचला. तो त्यानं आधी नीट वाचला नव्हता, ही त्याची चूक. पुढचा हुकूम होईपर्यंत उघड्यावर आग पेटवू नये, धूर वर जाऊ देऊ नये. धुरावरून विमानाला वस्तीचा माग लागतो. मोडील त्याच्यावर डिफेन्सच्या कायद्याखाली खटला होईल.

या वेळी कुणी हसलं नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बारकूनं ओठ दाताखाली धरला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, राबाचं कसं?"

कमळाकर शहापूरच्या बाजारपेठेत वाढलेला. उन्हाळ्यात डोंगरांवर धूर दिसतात आणि त्याला राब म्हणतात, एवढंच त्याला माहीत होतं. बारकू त्याला घेऊन आपल्या शेताकडे गेला. एका कोपऱ्यात घरातल्या ओसरीएवढी जागा आखलेली होती. खाली शेण पसरलेलं, त्यावर तोडलेला टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत. वरून चाळल्यासारखी बारीक माती टाकायची बाकी होती. बारकूनं सांगितलं की ती माती टाकायची आणि वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं. माती असली की जाळ होत नाही, आतल्या आत धुमसत राहतं, जमीन खोलवर भाजते. तणाचं बी मरतं. मग त्याच जागेत भाताचं रोप टाकायचं. न भाजता टाकलं तर तणच वर येतं, भात त्याखाली गुदमरतो. रोप नाही तर लावणी नाही, लावणी नाही तर वर्षभर काय खायचं. हे सगळं त्यानं तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं. नवख्या माणसाला वाट सांगावी तसं सांगितलं. पाऊस उतरायला सात-आठ आठवडे होते. तेवढ्यात राब भाजला तर वर्ष, नाहीतर नाही.

कमळाकर म्हणाला, मी वर विचारतो.

त्यानं विचारलं. अव्वल कारकुनानं कागद उलटसुलट करून पाहिला. धूर म्हणजे धूर, राबाचा धूर निराळा असं यात कुठे म्हटलंय, असं ते म्हणाले, पण माणूस वाईट नव्हता, त्यांनी ठाण्याला पत्र लिहू दिलं. पत्राला उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. उत्तर आलं, पण ते पंपाविषयी होतं. पंपाला तेल घातलं का, असं विचारलं होतं. चैत्र संपला. वैशाख लागला. मुरबाडच्या बाजूला कुणी एकानं राब पेटवला म्हणून त्याला तीन दिवस चौकीत बसवून ठेवल्याची बातमी पाड्यापाड्यांत फिरली. खरी होती का कुणास ठाऊक, पण सगळ्यांनी खरी मानली.

कमळाकर पुन्हा करंजपाड्याला गेला तेव्हा त्याच्याजवळ उत्तर नव्हतं, तेल होतं. पाड्यातले सगळे राब रचून तयार होते, वरची माती तेवढी टाकायची बाकी, आणि एकही पेटला नव्हता. रेतीची चाळीस पोती बारकूनं आपल्या गोठ्यात फळ्या टाकून त्यावर रचली होती, ओल लागू नये म्हणून. गुरं बाहेर बांधली होती. बादल्या आढ्याला ओळीनं टांगल्या होत्या. खंदकही खणला होता, कागदात होता तसाच नागमोडी, आणि त्यात एक शेळी पाय मोडून बसली होती.

बारकूची बायको ठमी दारात नाचणी पाखडत होती. तिनं कमळाकराला घोंगडी टाकून दिली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि बोलायला लागली ती नवऱ्याकडे बघून. सगळ्या पाड्याला धाक दाखवायला तू कोण लागून गेलास. कुणी पहाटे पेटवला असता, झालं असतं ते झालं असतं. आता लोक आपल्या दाराशी येऊन बसतात, पेटवू का म्हणून विचारतात, आणि हा आपला पट्ट्याकडे बघतो.

"पट्ट्यात भात शिजतोय काय रे?" ती म्हणाली. "शिजत असंल तर सांग. चुलीवर ठिवते."

बारकू म्हणाला, "आंगठा दिलाय ना गो. दिलाय त्यो दिलाय."

कमळाकराला वाटलं, आपण इथून उठून जावं. त्याचबरोबर असंही वाटलं की आपण म्हणावं, पेटवा, मी बघून घेतो. दोन्हीपैकी काही केलं नाही. अंगठा त्यानंच घेतला होता. निघताना त्यानं पंपाला तेल घातलं, कारण तेवढं तरी काम आपल्याला करता येण्यासारखं होतं. पंप चालवून बघायला बादलीभर पाणी लागतं असं त्यानं सांगितलं, तेव्हा ठमीनं झऱ्याच्या दिशेला नुसतं बोट दाखवलं. बायका तिथं वाटीवाटीनं पाणी भरत बसल्या होत्या. पंप चालवून बघायचं राहिलं.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ठाण्याहून हुकूम आला. अमुक तारखेला साहेब स्वतः पाहणीला येणार. गावकऱ्यांनी आग विझवण्याचं प्रात्यक्षिक करून दाखवावं. त्यासाठी सुकं गवत, लाकूडफाटा वगैरे गोळा करून, बॉम्बांनी लागावी तशी आग सरकारी देखरेखीखाली पेटवण्यात यावी. कमळाकर तो कागद घेऊन पाड्यावर गेला. राबाविषयी त्यात अक्षर नव्हतं, म्हणून तो जरा तोंड चुकवूनच बारकूसमोर बसला आणि हुकूम वाचून दाखवला.

बारकूनं ओठ दाताखाली धरला. मग विचारलं, आग कुठं पेटवायची. कमळाकर म्हणाला, घरापासून लांब, मोकळ्या जागी. बारकूनं विचारलं, बॉम्ब एकच पडतो का. कमळाकराजवळ छापील पुस्तिका होती, त्यात बघून त्यानं सांगितलं की नाही, आगीचे बॉम्ब लहान लहान असतात, एका विमानातून पुष्कळ पडतात, विखरून पडतात.

"म्हंजे सगळीकडं?"

"सगळीकडे."

"आन् इजवायची कशानं?"

पुस्तिकेत लिहिलं होतं, रेतीनं किंवा सुक्या मातीनं. पाणी टाकू नये. कमळाकरानं तसं सांगितलं.

बारकू म्हणाला, "पेटवावी असं ज्यात लिवलंय, तेवढं परत वाचा."

कमळाकरानं वाचलं. बारकू म्हणाला, आणखी एकदा. तेही वाचलं. तिसऱ्यांदा त्यानं ठमीला बाहेर बोलावलं आणि तिच्यासमोर वाचायला लावलं. कमळाकराला वाटलं, बिचाऱ्याला एकदा सांगून कळत नाही. तो सावकाश, शब्द सुटे करून वाचत होता. आपण किती समजावून सांगणारे आहोत, याचं त्याला थोडं कौतुकही वाटलं. त्या कौतुकाची लाज त्याला पुढे बरीच वर्षं पुरली.

ठरल्या दिवशी साहेब मोटारीनं डोळखांबपर्यंत आला आणि तिथून चालत. गोरा, जाडा, उन्हानं टोमॅटोसारखा लाल झालेला. पाड्याच्या अलीकडच्या टेपावर, लहानशा टेकाडावर, तो धापा टाकत थांबला. मग त्याच्या सांगण्यावरून कमळाकरानं रुमाल हलवला आणि खाली बारकूनं भोंगा फिरवला. असला आवाज त्या रानात कधी झाला नव्हता. शेळ्या उधळल्या, कोंबड्या छपरावर गेल्या. आणि मग शेताशेतात धूर दिसू लागला. एक, दोन, सहा, अकरा. बघता बघता सगळ्या उतारावर एकवीस ठिकाणी गवतानं पेट घेतला. प्रत्येक आगीजवळ एका घरची माणसं उभी होती, बापई, बायका, म्हातारी, हातात मातीच्या पाट्या.

साहेबानं विचारलं, इतक्या आगी कशाला. जे समोर दिसत होतं ते काय आहे, हे त्याला तेव्हा, त्या क्षणी समजलं, आणि समजलं तरी खात्री वाटेना. तो इंग्रजीत म्हणाला, बॉम्ब विखरून पडतात असं पुस्तिकेत आहे, सर. साहेबानं मान हलवली. त्याला ते माहीत होतं.

लोकांनी माती टाकायला सुरुवात केली. घाई नाही, गडबड नाही, वाफे सारखे करावे तशी पाटीमागून पाटी, आधी कडेला, मग मध्ये. जाळ खाली बसत गेले. धूर मात्र दाटला आणि वाऱ्यानं टेपावर आला. साहेबाला खोकला लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. रुमाल तोंडावर धरून तो म्हणाला, उत्तम, अतिशय शिस्तीची माणसं आहेत. खाली गेल्यावर त्यानं गोठ्यात रचलेली चाळीस पोती बघितली. एकाचंही तोंड उघडलेलं नव्हतं. सरकारनं पाठवलेली रेती का वापरली नाही, असं त्यानं विचारलं. कमळाकरानं ते बारकूला विचारलं.

बारकू म्हणाला, "ती खऱ्या बॉम्बासाठी ठिवलीय."

कमळाकरानं भाषांतर केलं. साहेबानं बारकूकडे नीट बघितलं, हात पुढे केला आणि त्याचा हात हातात घेऊन हलवला. बारकूच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. परतताना टेपावरून साहेबानं एकदा मागे वळून पाहिलं. उतारावर एकवीस ठिकाणी निळसर धूर मुंगीच्या पावलानं वर चढत होता. अजून धूर कसा, असं त्यानं विचारलं. कमळाकर म्हणाला, माती गरम आहे, सर. हे खोटं होतं की खरं, हे त्याला आजही ठरवता येत नाही. माती गरम होतीच.

राब उत्तम भाजले. त्या वर्षी करंजपाड्याचं रोप गुडघ्याला लागत होतं, असं ठमीनं नंतर सांगितलं.

गोष्ट इथं संपली असती तर कमळाकराच्या डोक्याला एवढा ताप झाला नसता. पण साहेबाच्या भेटीनंतर चौथ्या दिवशी शेजारच्या पाड्याचा देवजी कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन बसला. त्याच्या पाड्यालाही जपान्यांपासून धोका आहे, तरी प्रात्यक्षिक मिळावं, असा अर्ज लिहून द्या म्हणाला. धोका कशावरून, असं कमळाकरानं विचारलं. देवजी म्हणाला, "करंजपाड्याला हाय ना? मंग आमाला का नाय? आमी काय जपान्याचे सोयरे हाव काय?" पाठोपाठ आणखी पाड्यांची माणसं आली. पाऊस अगदी तोंडावर होता. कमळाकरानं एका आठवड्यात अकरा अर्ज लिहिले आणि अव्वल कारकुनानं एकही शब्द न विचारता ते पुढे पाठवले. त्यांना समजलं होतं का, तेही कमळाकराला ठाऊक नाही. प्रात्यक्षिकांना तारेनं परवानगी आली. राबाच्या पत्राचं उत्तर मात्र आलंच नाही.

त्याचा परिणाम असा झाला की डोंगरातली जनता हवाई हल्ल्याच्या भीतीनं हवालदिल झाली आहे, असं वर कुणीतरी लिहिलं. मग दिवाळीनंतर आटगावला आणखी पोती उतरली. आणखी भोंगे उतरले. करंजपाडा आदर्श म्हणून त्याला बारा बादल्या जास्त मिळाल्या. खाडीच्या रेतीनं भरलेल्या गाड्या पावसाळ्यात वाहून आलेल्या ओहोळाच्या रेतीवरून डोंगरात चढत राहिल्या. एखादा दवाखाना झाला असता एवढ्या सामानात, असं कमळाकराला वाटायचं. हे बोलावं कुणाकडे, ते कळत नव्हतं. एवढी पोती कुणामुळे आली, हा विचार करायला लागला की त्यात त्याचे स्वतःचे अकरा अर्ज यायचे. तो विचार तिथेच सोडून द्यायचा.

त्रेचाळीसला वैशाखात पुन्हा प्रात्यक्षिक झालं. चव्वेचाळीसलाही झालं. बारकू दर वेळी पट्टा बांधून, भोंगा पुसून तयार असायचा.

आणि इथंच कमळाकर अडतो. सगळा पाडा म्हणायचा, बारक्यानं साहेबाला बरोबर गुंडाळला. देवजी तर ही गोष्ट रंगवून सांगायचा, साहेबाच्या खोकल्यासकट. कमळाकरालाही आधी तसंच वाटलं. तीन वेळा हुकूम वाचून घेणारा माणूस भोळा कसा असेल. पण मग ती चाळीस पोती आठवायची. बारकूनं त्यांना कधी हात लावला नाही. गुरं तीन पावसाळे आडोशाला उभी राहिली, पण रेती कोरडी राहिली. ठमीनं अंगणात टाकायला दोन पोती मागितली तर तिलाही दिली नाहीत. फसवणाऱ्या माणसाला एवढं करायची गरज काय होती.

आणि ते विमान. चव्वेचाळीसच्या श्रावणात बारकू भिजत शहापूरला आला, पट्टा दंडाला. कचेरीच्या ओट्यावर उभा राहून त्यानं सांगितलं की परवा दुपारी एक विमान डोंगरावरून गेलं. कुणाचं होतं ते कळलं नाही. भोंगा वाजवला नाही, कारण बायका लावणीत वाकलेल्या होत्या, भोंग्यानं त्या बांधावर पळाल्या असत्या आणि रोप हातात सुकलं असतं. ही आपली चूक झाली, ती लिहून घ्यावी. हे सांगायला तो पावसात सबंध दिवस चालून आला होता. हे कुठल्या वहीत लिहायचं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं एका कोऱ्या कागदावर लिहिलं आणि बारकूनं त्याखाली अंगठा दिला. त्या दिवशी कमळाकराच्या तोंडून पहिल्यांदा "बसा, बारकूदादा" असं निघालं. तोवर कचेरीच्या रिवाजानं तो त्याला अरेतुरेच करत होता. बारकू ओट्याच्या कडेला बसला, पाणी प्यायला आणि उठून परतीला लागला.

तो विचार करून वागत होता की हुकूम पाळत होता? की त्याच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच? कमळाकराला सरळ विचारता आलं असतं. पण विचारायचं कसं? "तुम्ही साहेबाला फसवलंत का" असं विचारावं तर प्रामाणिक माणसाचा अपमान होतो. "तुम्हाला खरंच बॉम्बची भीती होती का" असं विचारावं तर शहाण्या माणसाचा होतो. त्यातून कमळाकर मुळात तोंडाचा जड. दर भेटीत त्यानं ठरवायचं आणि दर भेटीत पावसापाण्याचं बोलून परत यायचं.

लढाई संपली. कमळाकराची बदली मुरबाडला झाली. सत्तेचाळीसच्या मे महिन्यात, बाजाराच्या दिवशी, त्याला बारकू दिसला. तांबटाच्या दुकानापुढे उभा राहून एक हंडा बोटानं वाजवून बघत होता. दंड मोकळा. केस पांढरे झाले होते, कानातली कडी तशीच. कमळाकरानं हाक मारली. दोघं पिंपळाच्या पारावर बसले. ठमी बरी आहे, असं बारकूनं सांगितलं. धोंडीबाई मागल्या थंडीत गेली, असंही सांगितलं. समोर मिरच्यांचे ढीग होते, माणसं खोकत जात होती. आता नाहीतर कधी नाही, असं कमळाकराला वाटलं.

"बारकूदादा, एक विचारायचं होतं," तो म्हणाला.

"इचारा की."

कमळाकरानं तोंड उघडलं. आणि जे निघालं ते असं निघालं, "राब झाला का भाजून यंदा?"

"झाला. परवाच भाजला," बारकू म्हणाला. "वारा फिरला मधीच. वरचा कोपरा कच्चा ऱ्हायला."

"मग आता?"

"आता काय. तितं नाचणी टाकीन."

"टाका," कमळाकर म्हणाला.

बारकू उठला, धोतराचा मागचा धुरळा झटकला आणि बाजारात शिरला. पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास तो गेल्याचं देवजीनं सांगितलं.